चौथा पाय

उगाब नदी म्हणजे नुसती वाळू.
तरी एल्फ्रीडा तिला नदीच म्हणते
आणि ओलांडताना बूट काढून हातात घेते.
आईनं लावलेली सवय.

पहाटेची वाळू तळव्यांना गार.
हत्तीची लीद ती काठीनं फोडते,
आत शेंगांच्या बिया, न पचलेल्या.
"परवाची. तिघी होत्या, एक लेकुरवाळी."
आम्ही दुर्बिणी रोखलेल्या क्षितिजावर,
ती बघते पायांखाली.

तिच्या आडनावाच्या आधी एक आवाज आहे,
जीभ टाळूवरून सुटते तेव्हाचा.
आमच्या बाराखडीत त्याला घर नाही;
आम्ही तो काढतो बैल हाकताना,
किंवा कुणाचं वाईट झालेलं ऐकून.
तिच्याकडे त्यानं माणसांची नावं सुरू होतात.
मी तीनदा प्रयत्न केला.
"राहू दे," ती म्हणाली, "शेळ्या धावत येतील."

चढण.
नवालाच दगड तापलेले.
कातळावर पांढरे ओघळ, कुणी चुना ओतल्यासारखे.
"डॅसीचं मूत. पिढ्यान्‌पिढ्यांचं."
मग तो कपारीत दिसतोच,
सशाएवढा, गोल, पोटावर ऊन घेत,
वाडवडिलांच्या सहीवर बसलेला.

त्याच्याही वर, कड्याच्या टोकाला, क्लिपस्प्रिंगर:
एवढंसं हरीण,
चारी खूर एका बंद्या रुपयावर मावतील असं उभं.
बेनोनं कॅमेरा काढेपर्यंत
टोक रिकामं.
"त्यानं तुम्हांला सकाळपासून पाहिलंय," एल्फ्रीडा म्हणते.

गुहा म्हणावी तर गुहा नाही,
कातळाची पुढे आलेली भुवई.
रांगत शिरायचं.
आधी काहीच नाही. गंज. डाग.
मग एका डागाला पाठ फुटते,
पाठीला मान, मानेला दोन सरळ शिंगं,
आणि भिंत चालायला लागते.
जिराफ. धनुष्यवाली माणसं.
एकाचं धड माणसाचं, डोकं नाही.
वाळल्या रक्ताचा रंग, असं लिहिणार होतो,
पण तो गेरूचाच आहे, गेरूसारखाच दिसतो.

"पाणी उडवू नका. रंग उजळतो आणि मग जातो.
पूर्वी लोक सोडा ओतायचे, फोटोसाठी."
तिचे आजोबा पावसात शेळ्या घेऊन इथं बसत.
एकीलाही भिंतीला पाठ घासू देत नसत.
त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

खाली कोपऱ्यात एक ओरिक्स.
तीन पाय, आणि चौथ्याच्या जागी कोरा दगड.
रंग उडालेला नाही;
रेघ तिथवर आलीच नाही.
का? मी विचारत सुटलो.
गेरू संपला? अंधार पडला?
कुणी हाक मारली? मेला?
एल्फ्रीडा बराच वेळ कोपरावर रेलून बघत राहिली.
"हलला असेल," ती म्हणाली.

उतरलो तेव्हा नदीच्या अलीकडच्या वाळूत
खुरांची रांग,
ताजी, कडा अजून ढासळत होत्या.
दर चौथा ठसा पुसट.
छातीत धस्स झालं माझ्या.
"एल्फ्रीडा, हा लंगडा! हा तोच!"
तोच म्हणजे कोण, हे माझं मलाच सांगता येईना.
बेनो हसला.
ती उकिडवी बसली,
पुसट ठशात बोट बुडवून पाहिलं.
"वारा त्या बाजूनं होता."
मग पाण्याचा घोट घेऊन, झाकण लावून:
"किंवा लंगडा असेल."

माग झुडपांकडे गेला होता.
आम्ही गेलो नाही.

तिनं बूट काढले, नदी ओलांडली,
पलीकडे पोचून वळली
आणि आम्हांला मोजलं,
ओठ न हलवता, तोंडात तोच आवाज काढत,
माणसामागे एक.